बायकोचा पोस्टडॉक ग्रानादात, माझी नोकरी पुण्यातली. तिकडून रिमोट जमेल का?

सांगवीकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. बायकोला स्पेनमधल्या ग्रानादा युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळालाय, सप्टेंबरमध्ये जॉइन व्हायचंय. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडला आहे. मॅनेजर चांगला आहे, म्हणतो जा बाबा तिकडून काम कर पण टायमिंग आपलंच, साडेदहा ते साडेसात, स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) चुकवायचा नाही. एचआर अजून "बघू, लीगलला विचारतो" वर अडकलंय.

यूट्यूबवर जो तो उन्हात लॅपटॉप उघडून संत्र्याचा ज्यूस पिताना दिसतो, ते बघून पोट भरलं, आता कोणीतरी खरं काय ते सांगा. डिजिटल नोमॅड व्हिसा (तिकडे राहून बाहेरच्या कंपनीचं काम करणाऱ्यांचा) घ्यायचा की बायकोच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून जायचं, टॅक्स कुठे भरायचा, घर कुठल्या भागात बघायचं, नेट कसं आहे, आणि दोघंही शाकाहारी (अंडं चालतं) तर खायचे हाल होतात का. स्पॅनिश शून्य. ॲपवर शिकतोय, त्यात रोज "मुलगा सफरचंद खातो" इथवर पोचतो.

जमाखर्च
बाकी सगळं नंतर, आधी वहिनींचं पत्र काढा आणि त्यांना तिथे कुठल्या प्रकारचा परवाना मिळणार ते बघा. तुमचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

युनिव्हर्सिटीशी कामाचा करार असेल आणि परवाना रिसर्चर म्हणून निघणार असेल (२०१३ चा १४ नंबरचा कायदा) तर नवरा-बायको, मुलं यांचा परवाना त्याच अर्जासोबत मागता येतो आणि त्यावर तुम्हाला काम करायची मुभा असते. मग नोमॅड व्हिसाच्या भानगडीत पडायचंच कशाला. पण पोस्टडॉक म्हणत असले तरी कागदावर जर तो स्टुडंट परवाना निघाला, तर त्याच्या डिपेंडंटला काम करता येत नाही. "मी घरात बसून भारतातल्या कंपनीचं काम करतो, ते कुठे तिथलं काम" हे आपण आपल्याला समजवायचं, कायदा तसं म्हणत नाही. टूरिस्ट व्हिसावर तर विषयच नाही, ९० दिवस राहायचं नि परत यायचं.

नोमॅड व्हिसा २०२२ च्या शेवटी आलेल्या स्टार्टअप कायद्यातून निघाला. कंपनी स्पेनबाहेरची हवी, किमान वर्षभर चालू असलेली, तुम्ही तिच्यासोबत ३ महिने तरी काम केलेलं हवं, डिग्री किंवा ३ वर्षांचा अनुभव हवा, आणि उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट. २०२५ च्या आकड्याने ते महिना २,७६३ युरोच्या आसपास होतं. पुण्यातल्या पगारावर काहींना जमतं, काहींना नाही, तुमचं तुम्ही बघा.

खरी मेख सोशल सिक्युरिटीत (पेन्शन, आजारपण वगैरेचा सरकारी विमा) आहे. नोकरदाराने अर्ज केला की ते विचारतात तुझा विमा कुठे भरला जातो, मायदेशी भरत असशील तर करारानुसार तसा दाखला आण. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, पोर्तुगाल वगैरेंशी आहेत, स्पेनशी नाही. म्हणजे एकतर तुमच्या पुण्याच्या कंपनीने स्पेनमध्ये नोंदणी करून तिकडचा विमा भरायचा (कुठली कंपनी एका माणसासाठी हे करेल), नाहीतर तुम्ही नोकरी सोडून त्यांचेच काँट्रॅक्टर व्हायचं आणि तिथे ऑटोनोमो (स्वयंरोजगारवाला) म्हणून नाव नोंदवायचं. एचआरचं "बघू" यातच अडकलेलं असणार. डिपेंडंट म्हणून गेलात तरी हा प्रश्न पूर्ण सुटत नाही बरं का, परवानगी मिळते पण विमा आणि टॅक्स मागे लागतोच.

टॅक्स. कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त स्पेनमध्ये राहिलात की तिथले टॅक्स रेसिडेंट, आणि मग जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवायचं. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे सप्टेंबरात गेलेल्या माणसाचं पहिलं वर्ष वेगळं आणि दुसरं वेगळं. दोन्ही देशांत करार आहे त्यामुळे एकाच पैशावर दोनदा भरावा लागू नये, पण कागद दोन्हीकडे करावे लागतात. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: तिथले रेसिडेंट झालात आणि भारतातल्या ठेवी, म्युच्युअल फंड, फ्लॅट यांपैकी एखाद्या गटाची किंमत ५०,००० युरोच्या वर असेल तर मोदेलो ७२० नावाचा फॉर्म ३१ मार्चच्या आत भरायचा असतो. त्यात टॅक्स नाही, फक्त माहिती. सांगवीत २ बीएचके असेल तर त्या मर्यादेला पोचायला वेळ लागत नाही.

इकडचा सीए आणि तिकडचा हेस्तोर (तिथे हे कागदपत्रांचं काम करणारे लोक असतात, वकील आणि एजंट यांच्या मधलं काहीतरी) दोघांना एकदाच एका कॉलवर बसवा. वेगवेगळं विचारलंत तर दोघं एकमेकांच्या विरुद्ध सांगतील.

मुक्काम_पोस्ट_ग्रानादा
अरे वा, ग्रानादाचा धागा, मला वाटलं इथे सगळे जर्मनीवालेच आहेत :) मी गेली काही वर्षं इथे राहते, आणि मुंबईच्या एका ऑफिसचं काम इथून करते, म्हणजे तुमच्यासारखंच भारतीय वेळेवर. वरच्या दादांनी कायद्याचं सांगितलं, मी रोजचं सांगते.

वेळेचं गणित आधी करा. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. तुमचे साडेदहा म्हणजे इथे हिवाळ्यात सकाळचे ६ आणि सुट्टी दुपारी ३ ला, उन्हाळ्यात ७ ते ४. ऐकायला काय मस्त वाटतं ना, दुपारी मोकळे, संध्याकाळ आपली. आहेच तसं. पण इथली प्रत्येक सरकारी कचेरी, बँक, पोलिसांचं परदेशी नागरिकांचं ऑफिस, सगळं सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेतच चालतं, म्हणजे बरोब्बर तुमच्या ड्युटीत. पत्त्याची नोंद नगरपालिकेत, बोटांचे ठसे देऊन रहिवासी कार्ड, आरोग्य केंद्रात नाव घालणं, प्रत्येकाला आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट लागते आणि ती मिळेल त्या दिवशी मिळेल त्या वेळेला पकडायची, तुमचा स्टँडअप त्यांना माहीत नाही. आणि ३ ला लॅपटॉप बंद करून बाहेर पडावं तर छोटी दुकानं, चावीवाला, चपला शिवणारा, २ ते ५ सगळं बंद. सुपरमार्केट उघडं असतं तेवढंच. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी मॅनेजरकडून सकाळची सवलत आत्ताच लेखी घेऊन ठेवा, नंतर मागितली की तोंडं वाकडी होतात.

घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. पुण्यातल्या टीमला हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

घर. ग्रानादा हे पोरांचं गाव आहे. युनिव्हर्सिटी १५३१ ची, पन्नास-साठ हजार विद्यार्थी, आणि युरोपभरातून इरास्मसवर (विद्यार्थ्यांना काही महिने दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी योजना) येणाऱ्यांचं तर हे लाडकं ठिकाण. त्यामुळे घरमालक सप्टेंबर ते जून असा करार करायला बघतो, जुलै-ऑगस्टला दुसऱ्याला देतो किंवा रिकामं ठेवतो. तुम्हाला वर्षभराचा करार हवाय, पत्त्याच्या नोंदीसाठीही तो बरा पडतो, तर हे घर बघायच्या आधीच फोनवर स्पष्ट विचारायचं. आणि ऑगस्टच्या शेवटी आलात तर सगळं गाव तेव्हाच घर शोधत असतं. जुलैत जमलं तर बघा. एका बेडरूमचं घर साधारण ६५० ते ८५० युरो, खोली ३०० ते ४०० च्या मध्ये, उंच टेकडीवर आणि फोटोजेनिक असेल तर जास्त.

भाग म्हणाल तर अल्बायसिन बघायला स्वर्ग आहे, समोर अल्हंब्राचा जुना किल्ला-राजवाडा, पांढरी घरं, दगडी गल्ल्या, पण सिलेंडर आणि किराणा घेऊन ती चढण चढून बघा एकदा. पेद्रो अँतोनियो दे अलार्कोन नावाचा रस्ता आहे तिथे विद्यार्थ्यांचे बार आहेत, गुरुवारी रात्री ३ पर्यंत गोंधळ, आणि तुम्हाला पहाटे साडेपाचला उठायचंय. त्या रस्त्यावर खिडकी असलेलं घर फुकट दिलं तरी घेऊ नका. सायदिन साधा नोकरदारांचा भाग, सपाट, शनिवारी बाजार भरतो, ट्राम (तिला मेट्रो म्हणतात) जवळ. रेआलेखो मला आवडतो, मी तिथेच आहे, युनिव्हर्सिटीचं परदेशी लोकांसाठीचं भाषा केंद्रही त्याच भागात आहे. तिथे संध्याकाळचा क्लास लावा, ॲपवरची सफरचंदं पुरेत.

आता थंडी. स्पेन म्हणजे ऊन असं डोक्यात घेऊन लोक येतात आणि डिसेंबरात कुडकुडतात. हे गाव जवळपास ७०० मीटरवर आहे, मागे सिएरा नेवादा, ३,४७९ मीटरचं शिखर, बर्फ दिसतो घरातून. रात्री पारा शून्याजवळ जातो. बाहेर दुपारी ऊन असतं, खरी थंडी घरात असते, कारण जुन्या घरांना हीटिंगच नसतं, खाली फरशी, भिंती उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेल्या. इथले लोक काय करतात तर गोल टेबलाखाली, पायाशी एक लाकडी फळी असते तिला मधे भोक, त्यात ब्रासेरो म्हणजे विजेची शेगडी बसवतात, आणि टेबलावर जमिनीपर्यंत लोळेल असं जाडजूड कापड टाकतात. ते कापड मांडीवर ओढून घ्यायचं नि बसायचं. पूर्वी त्यात निखारे असायचे. माझं ऑफिस म्हणजे हेच टेबल, सकाळी ६ ला अंधारात वर दोन स्वेटर, खाली पाय उबेत, आणि कॅमेऱ्यात मुंबईच्या टीमला वाटतं मी देवघरात बसलेय.

पण पॉवर बघून घ्या. घरांना मंजूर किलोवॅट ठरलेले असतात, जुन्या घरात बऱ्याचदा साडेतीनच्याही आत. शेगडी, गीझर आणि ओव्हन एकत्र लावलं की खटकन लाईट जाते, सोबत राउटरही, सोबत तुमची मीटिंगही. दर पण वेळेनुसार असतो, नेहमीच्या सरकारी योजनेत रात्री १२ ते सकाळी ८ सगळ्यात स्वस्त, १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० सगळ्यात महाग, शनिवार-रविवार दिवसभर स्वस्त. भल्या पहाटे काम करणाऱ्याला एवढा तरी फायदा.

नेट उत्तम आहे, फायबर जवळपास सगळीकडे, त्याची काळजी सोडा.

चटणीभाकर
@मुक्काम_पोस्ट ताई देवघर वाचून फुटलो 😂

मी तिथे इरास्मसवर एक सेमिस्टर होतो, तेव्हा माझं ज्ञान खाण्यापिण्यापुरतंच. ग्रानादात पेय मागवलं की सोबत खायची प्लेट फुकट येते, बाकी स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी पैसे घेतात, इथे अजून फुकट. बिअरच पाहिजे असं नाही, बिनदारूची बिअर किंवा मोस्तो म्हणजे द्राक्षाचा रस घेतला तरी येते. पण काय येईल ते तो ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा डुक्कर ठरवतो. "मांस नको" म्हटलं तर ट्युना येतो, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नाहीच, आणि वरून भाजीत हॅमचे तुकडे "चवीपुरते" असतात. त्यामुळे पेय मागवतानाच सांगायचं, मांस नाही, मासा नाही, हॅम पण नाही, अंडं चालेल. ही चार वाक्यं आधी पाठ करा, मुलाला सफरचंद नंतर खाऊ द्या.

हक्काचे पदार्थ: बटाट्याची तोर्तिया (अंड्याचं जाड ऑम्लेट), पातातास आ लो पोब्रे (बटाटे, मिरची, कांदा, तेलात मऊ केलेले), पालक-छोले, आणि वांग्याचे तळलेले काप वर काकवी घालून. हो, काकवीच, ऊसाची. खाली समुद्राकडच्या पट्ट्यात पूर्वी ऊस होता, मोत्रिल-सालोब्रेन्याला साखर कारखाने होते, ते गेले पण जवळच्या फ्रिहिलियानात काकवी अजून करतात, सुपरमार्केटात बाटली मिळते. पोळीशी खाऊन बघा.

त्याच पट्ट्यात आंबा, अवोकाडो आणि चिरिमोया पिकतो. चिरिमोया म्हणजे सीताफळाचा थोरला भाऊ, डोळे कमी, गर जास्त. थंडीत बाजारात ढीग असतात. मी तर त्यावर जगलो.

ओल्ड_मंक_नवा_ग्लास
व्हॅलेन्सिया का नाही? किंवा मालागा? विमानतळ मोठा, समुद्र आहे, आयटीवाले आहेत, भारतीय दुकानं आहेत. ग्रानादात पहिले ६ महिने छान वाटेल, मग बोलायला कोणी नाही.

मुक्काम_पोस्ट_ग्रानादा
@ओल्ड_मंक अहो वहिनींची लॅब ग्रानादात आहे, ती काय मालागाला उचलून नेणार? आणि मालागा बसने पावणेदोन-दोन तास, विमानतळासाठी तसंही तिथेच जावं लागतं, समुद्र तर एका तासाच्या आत. घरभाडं तिथे बरंच जास्त.

"बोलायला कोणी नाही" हे मात्र धरून चाला. मराठी माणसं अगदी थोडी, भारतीयही फार नाहीत, दिवाळीला पाच-दहा जण जमलो तर खूप. ग्रानादाची माणसं तुसडी म्हणून स्पेनभर नावाजलेली आहेत, दुकानदार असा बघतो की आपण उधारी मागायला आलोय. सहा महिने रोज त्याच दुकानातून ब्रेड घेतला की मग तोच माणूस घरच्या ऑलिव्हचं तेल बाटलीत भरून देतो आणि परत तोंड पाडून उभा राहतो. भाषा यायलाच पाहिजे, आणि इथली स्पॅनिश ॲपवरची नाही, निम्मे 'स' गिळतात.

सांगवीकर
बापरे, एवढं सगळं, मनापासून धन्यवाद सगळ्यांना. बायकोला विचारलं, तिचं काँट्रॅक्टच आहे आणि युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस रिसर्चर परवान्याचाच अर्ज करतंय, म्हणजे नोमॅड व्हिसा कॅन्सल. एचआरला @जमाखर्च यांचा सोशल सिक्युरिटीवाला परिच्छेद जसाच्या तसा पाठवला, तासाभरात फोन आला की "काँट्रॅक्टर मोडवर डिस्कस करूया". पीएफ आणि ग्रॅच्युइटी जाणार हे कळतंय, बसून हिशेब करतो.

दोन शंका राहिल्या. घर लहान मिळालं आणि बायको पण घरून काम करणार असली तर मी कुठे बसू, कॅफे की कोवर्किंग की युनिव्हर्सिटीची लायब्ररी? आणि आमटी-भाताचं काय, कुकर न्यायचा का?

चटणीभाकर
कॅफेत ६ तास लॅपटॉप घेऊन बसायची पद्धत नाही तिथे, आणि स्पॅनिश बारमध्ये सकाळी कॉफी मशीन, टीव्ही आणि चार काका एकत्र बोलत असतात, माइक म्यूट ठेवावा लागेल. लायब्ररी छान आणि फुकट आहेत, बिब्लिओतेका दे आंदालुसिया तर मस्तच, पण जानेवारी आणि मे-जूनमध्ये परीक्षा असतात तेव्हा जागा मिळत नाही. आणि वर्षभर तिथे सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारे लोक बसलेले असतात, जाड फाइली, कानात बोळे, अगदी सदाशिव पेठेतली एमपीएससीची अभ्यासिका. त्यांच्यात बसून "हॅलो, माझी स्क्रीन दिसतेय का" करून दाखवा.

मुक्काम_पोस्ट_ग्रानादा
शिवाय लायब्ररी सकाळी ६ ला उघडत नाही, म्हणजे तुमच्या कॉल्सच्या वेळी घरच. दोन खोल्यांचं बघा, दुसरी छोटी असली तरी चालेल पण दार लागणारी हवी, भाडं शे-दीडशे जास्त गेलं तरी. कोवर्किंग आहेत गावात, पण त्यांचीही वेळ आधी विचारून घ्या.

कुकर आणू नका, इथे घरोघरी असतो, मसूर आणि छोले हे लोकही आठवड्याला शिजवतात, शिट्टी वेगळी वाजते इतकंच. बेसन म्हणजे हरिना दे गार्बान्सो कुठल्याही सुपरमार्केटात, पिठलं पहिल्या दिवशीच होईल. काल्देरेरिया गल्लीच्या आसपास आणि इतरत्र मोरोक्कन दुकानं आहेत तिथे जिरं, हळद, धने, कोथिंबीर मिळते. कणीक मात्र जमत नाही, इथल्या गव्हाच्या पिठाची पोळी तव्यावर जाईपर्यंत फाटते, आम्ही ऑनलाइन मागवतो. हिंग, गोडा मसाला, कोकम, पोहे आणा. जाड पोहे.

आणि घरात पाइपचा गॅस आहे की बुतानो ते बघा. बुतानो म्हणजे नारिंगी सिलेंडर. गाडी गल्लीत येते, माणूस सिलेंडरवर ठणठण वाजवत ओरडतो, तेव्हा खिडकीतून हाक मारायची. येतो सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे तुमच्या पुण्याच्या साडेतीनच्या मीटिंगमध्ये. दोन सिलेंडर घरात ठेवा.

जमाखर्च
एक राहिलं. लग्नाचा दाखला अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का) करून घ्या आणि स्पॅनिश अनुवाद स्पेनच्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडूनच, पुण्यात नोटरीने शिक्का मारलेला चालत नाही. दाखल्यावर आणि पासपोर्टवर वहिनींचं नाव सारखं आहे ना ते आजच बघा, लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर असेल तर सप्टेंबर हातातून जाईल.

सांगवीकर
पासपोर्ट माहेरच्या नावावर, दाखल्यावर दोन्ही नावं आहेत. चालेल का?

जमाखर्च
दोन्ही स्पष्ट लिहिलेली असतील तर सहसा चालतं. तरी अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्र जोडा, त्यालाही अपोस्टिल.